पडद्यावरची माहितीपुस्तिका आणि वाचकाच्या तोंडचा शब्द

मागच्या पावसाळ्यात आमचे वॉशिंग मशीन कपडे आणि पाणी पोटात घेऊन मध्येच थांबले. छापील माहितीपुस्तिका केव्हाच हरवली होती. परंतु कंपनीच्या संकेतस्थळावर तीच पुस्तिका पीडीएफ स्वरूपात मिळत होती, म्हणून ती उतरवून घेतली आणि शोधचौकटीत इंग्रजीत ‘वॉटर नॉट गोइंग आउट’ असे लिहिले. एकही जागा सापडली नाही. नुसते ‘वॉटर’ लिहिल्यावर मात्र इतक्या जागा सापडल्या की त्या पाहत बसण्यापेक्षा तांब्याने पाणी उपसणे सोपे वाटले. शेवटी उत्तर मिळाले ते ‘देखभाल’ या प्रकरणात, ‘ड्रेन फिल्टरची स्वच्छता’ या मथळ्याखाली. म्हणजे उत्तर पुस्तिकेत होते, नेमके होते आणि चित्रासह होते. फक्त मी ज्या शब्दांनी त्याला हाका मारत होतो, त्या शब्दांना ते ओ देत नव्हते.

हा अनुभव कोणालाही नवा नसावा. मोबाइल, प्रिंटर, मोटार, हिशेबाचे सॉफ्टवेअर, विवरणपत्र भरण्याचे पोर्टल अशा सगळ्यांच्या माहितीपुस्तिका आता कागदावरून पडद्यावर आल्या आहेत, आणि पडद्यावर शोधचौकट असल्यामुळे तेथे हवे ते चटकन सापडेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात अशा पुस्तिकेत माणसे कशी शोधतात, संगणक त्यांच्यासाठी नेमके काय शोधतो आणि दोघांची चुकामूक कोठे होते, हा गेली चार दशके अभ्यासाचा विषय आहे, आणि त्यातले निष्कर्ष सामान्य वाचकाच्याही कामाचे आहेत.

पहिली गोष्ट अशी की माहितीपुस्तिका वाचायला कोणी बसत नाही. अमेरिकेत आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात कार्यालयातील कर्मचारी वर्ड प्रोसेसर कसा शिकतात याचे बारकाईने निरीक्षण केले. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी पहिल्या पानापासून क्रमाने जाणारा विद्यार्थी गृहीत धरला होता. समोर बसलेली माणसे मात्र प्रस्तावना ओलांडून थेट यंत्राला हात घालत होती, चुकत होती, आणि चुकल्यावरच पुस्तिकेकडे वळत होती. कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये यामागचा पेच मांडला: माणसाला काम उरकायचे असते, म्हणून तो शिकण्यात वेळ घालवत नाही, आणि शिकला नाही म्हणून त्याचे काम लवकर उरकत नाही. हा आळस नव्हे. पत्र टाइप करायला बसलेल्या माणसाच्या दृष्टीने पत्र हेच काम असते आणि पुस्तिका हा त्यातला व्यत्यय असतो. कॅरोल यांनी त्यावर बरीच छोटी पुस्तिका करून पाहिली, जिच्यात प्रास्ताविके कापली होती आणि चूक कशी ओळखावी व ती कशी निस्तरावी याला भरपूर जागा दिली होती. ती वापरणारे लोक अधिक लवकर शिकले.

तेव्हा पुस्तिकेत शिरणारा माणूस अडलेला असतो, घाईत असतो आणि एकाच प्रश्नाचे उत्तर मागत असतो. त्याच्यापुढे आत जाण्यासाठी साधारणतः तीन दारे असतात. अनुक्रमणिका हे पहिले. ती पुस्तिका लिहिणाऱ्याच्या डोक्यातल्या वर्गवारीनुसार चालते. फिल्टर तुंबणे ही वाचकाच्या दृष्टीने ‘बिघाड’ असते आणि लेखकाच्या दृष्टीने ‘देखभाल’. दुसरे दार म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी अकारविल्हे सूची. चांगली सूची करणारा माणूस वाचक कोणत्या शब्दाने येईल याचा अंदाज बांधतो आणि मजकुरात नसलेले शब्दही सूचीत घालतो, ‘पाणी तुंबणे – पाहा: फिल्टर’ अशा प्रकारे. मराठी पुस्तकांत सूची इतकी दुर्मीळ असते की आपल्यापैकी अनेकांना अनुक्रमणिका आणि सूची यांतला फरकच सवयीचा नाही, ही खेदाची गोष्ट आहे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. तिसरे दार शोधचौकटीचे. ते सर्वांत मोकळे दिसते, आणि सर्वांत हट्टी तेच असते, कारण साधी शोधचौकट अर्थ पाहत नाही, फक्त अक्षरे जुळवते.

एका गोष्टीला किती नावे?

या हट्टाची किंमत किती, ते १९८७ मध्ये मोजले गेले. जॉर्ज फर्नास, टॉमस लँडॉवर, लुई गोमेझ आणि सुसान ड्युमे हे बेलकोर या अमेरिकी दूरध्वनी कंपन्यांच्या संशोधनसंस्थेतले चार अभ्यासक. त्यांनी वेगवेगळ्या गटांतील लोकांना ओळखीच्या गोष्टींना नावे द्यायला सांगितली: मजकूर संपादनातल्या क्रिया, रोजच्या वापरातल्या वस्तू, पाककृती वगैरे. निष्कर्ष असा निघाला की एकाच गोष्टीसाठी दोन माणसांच्या तोंडी आपसूक तोच शब्द येण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. याचा व्यवहारातला अर्थ त्यांनी असा मांडला की रचनाकाराने स्वतःला आवडलेला एकच शब्द निवडून त्यावरूनच प्रवेश ठेवला, तर अनेक नेहमीच्या प्रसंगांत १०० पैकी ८० ते ९० प्रयत्न फुकट जातात.

आकडा अतिशयोक्त वाटला, तर घरी करून पाहावे. आमचे मशीन बंद पडल्यावर मी घरातल्यांना विचारले की पुस्तिकेत शोधायचे असते तर तुम्ही काय लिहिले असते. आई म्हणाली, ‘पाणी तुंबलं’. पत्नीने ‘स्पिन होत नाही’ असे सांगितले, कारण तिला खटकलेली गोष्ट कपडे ओले राहिले ही होती. मुलीने फक्त ‘स्टक’ असा एक इंग्रजी शब्द दिला. चार माणसे, एकच मशीन, एकच बिघाड. आणि ‘ड्रेन’ हा शब्द एकाच्याही तोंडी आला नाही. तो प्लंबरचा शब्द आहे, इंजिनियरचा शब्द आहे. पाण्यात हात घालून उभ्या असलेल्या माणसाचा नाही.

संगणकाच्या जुन्या पुस्तिकांत ही अडचण उघडी दिसते. युनिक्स या प्रणालीच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि पुढे तीच पुस्तिका ‘मॅन’ या आज्ञेने पडद्यावरही वाचता येऊ लागली. एकेका आज्ञेसाठी एकेक टिपण अशी तिची आटोपशीर मांडणी आजही वापरात आहे. मात्र ज्याला आज्ञेचे नाव ठाऊक आहे त्यालाच ती पटकन उघडते. फाइलीत एखादा शब्द शोधून देणाऱ्या आज्ञेचे नाव ‘ग्रेप’ आहे, हे शोधणाऱ्याला आधीच कसे ठाऊक असणार? म्हणून ‘मॅन’ला एक जोड दिली गेली, जिच्यामुळे प्रत्येक टिपणाच्या एका ओळीच्या वर्णनातही शोध घेता येतो. छापील प्रतीत हेच काम एका विशेष सूचीने केले जाई, जिच्यात वर्णनातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द आळीपाळीने अकारविल्हे जागी मांडलेला असे. ही कल्पना आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आणली होती. उपाय साधाच आहे: एका खोलीला अनेक दारे पाडायची. फर्नास आणि सहकाऱ्यांचीही शिफारस तीच होती. योग्य शब्द कोणता याचा वाद घालू नये, लोक जितके शब्द वापरतात तितके सगळे त्या ठिकाणी जोडून द्यावेत.

शब्द न जुळण्यात आणखी एक फसवणूक दडलेली असते. जे सापडले नाही, ते नाहीच असे वाटू लागते. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास यासाठी आवर्जून सांगण्यासारखा आहे. एका मोठ्या खटल्यातील सुमारे ४०,००० दस्तऐवज संपूर्ण मजकुरासह संगणकात भरलेले होते आणि वकील त्यांतून हवे ते कागद शोधून काढत होते. संबंधित कागदांपैकी किमान ७५ टक्के आपल्या हाती आले आहेत, असे त्यांना वाटत होते. तपासणीत हा आकडा सरासरी २० टक्क्यांच्या आसपास निघाला. कारण तेच: वकील ‘अपघात’ शोधत होते, तर ज्यांच्यावर ठपका येणार होता त्यांनी आपल्या पत्रांत ‘घटना’, ‘प्रसंग’, ‘परिस्थिती’ असे सौम्य शब्द वापरले होते. माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या कंपन्याही आपल्या यंत्राला ‘बिघडले’ म्हणायला कचरतात, हे लक्षात घेतले की पुस्तिकेत ‘बिघाड’ हा शब्द का सापडत नाही ते कळते.

शोधचौकट आतून कशी चालते, हेही थोडक्यात सांगायला हवे. आपण शब्द लिहिल्यावर बहुतेक शोधयंत्रणा सगळी पाने पुन्हा वाचत नाहीत. त्यांनी आधीच एक भलीमोठी सूची करून ठेवलेली असते, ज्यात प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांवर आला आहे याची नोंद असते. (विंडोज ९५ च्या मदतीत शोधाचा पर्याय पहिल्यांदा उघडला की ‘थांबा, शब्दसूची तयार करतो’ अशा अर्थाची खिडकी येई, आतले काम वापरणाऱ्याच्या अंगावर असे उघडेपणाने टाकलेले उदाहरण विरळाच.) पाने सापडली की त्यांचा क्रम लावायचा असतो, आणि त्यातले एक मूलभूत सूत्र केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडले: जो शब्द थोड्याच ठिकाणी येतो, तो अधिक वजनाचा धरावा. वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेत ‘मशीन’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर असतो, म्हणून त्याने काहीच निवडले जात नाही. ‘फिल्टर’ दोनचार पानांवर असतो, म्हणून तो नेमका नेतो. शोधताना पूर्ण वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या प्रश्नातला सर्वांत दुर्मीळ शब्द आधी लिहावा, हा सल्ला याच सूत्रातून निघतो. पीडीएफ फाइलीत तर तो फारच उपयोगी आहे, कारण तेथील साधा शोध लिहिलेली अक्षरे सलग आणि जशीच्या तशी शोधतो, क्रमवारी लावतच नाही.

जागेची खूण

कागदी पुस्तिकेत शोधताना आपण नकळत एक गोष्ट वापरतो, ती म्हणजे जागा. ‘पुस्तकाच्या अर्ध्याच्या पुढे, डाव्या पानावर, वरच्या चौकटीत’ अशी खूण डोळ्यांत राहते आणि बोटांना जाडीवरून अंदाज येतो. पडद्यावर सगळी पाने एकाच खिडकीतून सरकतात आणि ही खूण पुसली जाते. सुरुवातीच्या काळात पडद्यावरचे वाचन मुळातच संथ होते. जॉन गूल्ड यांच्या आयबीएममधील प्रयोगांत ते कागदापेक्षा सुमारे २० ते ३० टक्के हळू भरले, आणि अक्षरे छपाईसारखी रेखीव केल्यावर तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. अक्षरांचा प्रश्न असा सुटला, तरी ‘मी या पुस्तिकेत कोठे आहे’ हा प्रश्न उरलाच.

त्या प्रश्नाचे मला सर्वांत पटणारे उत्तर पुन्हा बेलकोरमध्येच सापडते. डेनिस इगन, टॉमस लँडॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ‘सुपरबुक’ नावाची प्रणाली बनवली आणि ‘एस’ या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरची जाडजूड पुस्तिका तिच्यात भरली. विद्यार्थ्यांना प्रश्न देऊन काहींना छापील पुस्तिकेत आणि काहींना पडद्यावर उत्तरे शोधायला लावली. पहिली आवृत्ती कागदापेक्षा सरस ठरली नाही. येथे दुसरा एखादा गट निराश झाला असता किंवा जाहिरात करून मोकळा झाला असता. या लोकांनी मात्र माणसे नेमकी कोठे अडखळतात ते पाहून प्रणाली पुन्हा घडवली, आणि सुधारित आवृत्तीत लोकांना कागदापेक्षा लवकर व अधिक अचूक उत्तरे सापडली.

सुपरबुकमध्ये खास काय होते? शब्द शोधला की तो निकालांची सुटी यादी पुढे करत नसे. पडद्याच्या एका बाजूला उलगडणारी-मिटणारी अनुक्रमणिका असे, आणि शोधलेला शब्द कोणत्या प्रकरणात किती वेळा आला आहे तो आकडा त्या प्रकरणाच्या नावापुढे उमटे. म्हणजे ‘फिल्टर’ शोधल्यावर ‘जोडणी १, धुलाई २, देखभाल ११’ असे दिसावे, आणि मग ‘देखभाल’ उघडल्यावर तेच आकडे पोटविभागांत वाटले जावेत, अशी कल्पना करावी. शोधचौकट शब्द देते आणि अनुक्रमणिका जागा देते. दोन्हींची सांगड घातली की वाचकाला एका नजरेत कळते की आपले उत्तर बहुधा कोठे आहे. प्रयोगात आणखी एक लक्षणीय गोष्ट दिसली. प्रश्नातला शब्द पुस्तिकेच्या मथळ्यातच असेल, तर कागद चांगला टिकाव धरत होता. तो शब्द मजकुराच्या पोटात असेल, तर पडद्याची सरशी होत होती. इतकी वर्षे लोटली, तरी आजच्या कित्येक मदत-संकेतस्थळांवर शोधाचे निकाल ओळीने ओतलेले असतात आणि त्यांतला कोणता निकाल कोणत्या प्रकरणातला आहे याचा पत्ता नसतो.

मथळ्यांचे महत्त्व दुसऱ्या बाजूनेही सिद्ध झाले आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९९० च्या दशकात असे मांडले की माहिती शोधणारा माणूस भक्ष्य शोधणाऱ्या प्राण्यासारखा वागतो. तो प्रत्येक झुडूप उलटवत नाही. वासावरून पुढे जातो आणि वास मंदावला की जागा बदलतो. दुव्यावरचे दोनतीन शब्द म्हणजे हा वास, मराठीत त्याला सुगावा म्हणता येईल. ‘अधिक माहिती’, ‘प्रगत पर्याय’, ‘इतर’ अशा दुव्यांना कसलाच सुगावा नसतो. ‘पाणी बाहेर जात नसल्यास फिल्टर साफ करणे’ या दुव्याला तो भरपूर असतो. दोनतीन पायऱ्यांत सुगावा लागला नाही की माणूस ती पुस्तिका सोडून व्हिडिओकडे जातो किंवा शेजारच्या मुलाला हाक मारतो, आणि त्या क्षणी त्याच्या दृष्टीने तेच शहाणपणाचे असते.

शब्दांची ही सगळी झटापट टाळणारा एक मार्गही आहे. विंडोजमध्ये एफ१ हे बटण दाबले की अनेकदा समोर उघडलेल्या खिडकीपुरती मदत येते. तेथे वाचकाला काही लिहावेच लागत नाही, कारण तो जेथे उभा आहे ती जागा हाच त्याचा प्रश्न समजला जातो. अर्थात जागेवरून हेतू ओळखण्याचा अतिउत्साह महागातही पडतो. ऑफिस ९७ मधल्या पेपरक्लिपच्या रूपातील सहायकाने पत्र लिहायला मदत देऊ करून लोकांना इतके छळले की २००७ च्या आवृत्तीत तो राहिलाच नाही. याच जातीचा, पण अगदी विनम्र असा उपाय म्हणजे बिघाडाचा संकेतांक. यंत्र आपल्या छोट्या पडद्यावर दोनतीन अक्षरे लुकलुकवते आणि तीच अक्षरे पुस्तिकेतल्या तक्त्यात असतात. वाचक आणि पुस्तिका या दोघांकडे हमखास सारखाच असणारा तो एकमेव शब्द असतो. आमचे मशीनही दोन अक्षरे दाखवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलेच नाही, कारण माझे लक्ष पाण्याकडे होते. एक खबरदारी मात्र घ्यावी: संकेतांकांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून तो आपल्याच मॉडेलच्या पुस्तिकेत शोधावा.

मराठीत शोधताना

आतापर्यंतचे प्रयोग इंग्रजीतले होते. मराठी वाचकापुढे त्यांच्यावर आणखी थर चढतात. पहिला थर भाषेचा: अडचण मराठीत सुचते, शोध बहुधा इंग्रजीत घ्यावा लागतो, आणि मधले भाषांतर घाईत होते. ‘पाणी जात नाही’ याचे मी जे इंग्रजी केले, ते अर्थाने बरोबर होते आणि पुस्तिकेच्या दृष्टीने निरुपयोगी.

पुस्तिका मराठीत असली, तरी अडथळे संपत नाहीत. इंग्रजीत शब्दाला एखादे अक्षर लागते. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते आणि शब्दच बदलतो. ‘फिल्टर’चे ‘फिल्टरमध्ये’ झाले तर मूळ अक्षरे शाबूत राहतात आणि शोध लागतो. परंतु ‘पाणी’चे ‘पाण्याचा’, ‘पाण्यात’ झाले की त्यात ‘पाणी’ ही अक्षरे उरतच नाहीत, आणि अक्षरे जुळवणारी शोधचौकट ‘सापडले नाही’ म्हणून मोकळी होते. ‘कपडा’ आणि ‘कपड्यांना’ यांचेही तसेच. चांगल्या शोधयंत्रणा प्रत्यय कापून शब्द मुळाशी नेतात. ही सोय इंग्रजीसाठी सर्रास असते, मराठीसाठी ती आहेच असे गृहीत धरता येत नाही. तोवर साधी युक्ती अशी की पूर्ण शब्दाऐवजी न बदलणारा भाग, म्हणजे ‘पाण’ किंवा ‘कपड’, एवढाच लिहून पाहावा.

मग लेखनभेद येतात. ‘फाइल’ की ‘फाईल’, ‘डाउनलोड’ की ‘डाऊनलोड’, ‘रिसेट’ की ‘रीसेट’ हे वाचणाऱ्याला एकच असते, संगणकाला नसते. काही भेद तर डोळ्यांना दिसतही नाहीत. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरावीक संकेत देणाऱ्या पद्धतीत, दोन रीतींनी लिहिला जातो: एकीत खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ वापरून, तर दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण आतले संकेत निराळे असल्यामुळे एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीच्या मजकुरात सापडेलच असे नाही.

परिभाषेचा प्रश्न याहून मोठा आहे. एकच गोष्ट कोठे ‘पासवर्ड’ असते, कोठे ‘संकेतशब्द’ तर कोठे ‘परवलीचा शब्द’. ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ आणि ‘साठवा’ हे दोन्ही पर्याय भेटतात. शुद्ध मराठीचा आग्रह मला समजतो, परंतु मराठी पुस्तिका ‘जतन करा’ हे बटण दाबायला सांगते आणि समोरच्या बटणावर ‘सेव्ह’ असे लिहिलेले असते, तेव्हा ती पुस्तिका वाचकाला मदत करत नाही. बटणावर जे दिसते तेच पुस्तिकेत लिहावे आणि सोबत मराठी शब्दही द्यावा. दोन्ही असले की दोन्ही शब्दांनी शोधणारा तेथे पोचतो.

जुन्या मराठी पीडीएफ फाइलींची कथा आणखी वेगळी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टच्या प्रणालींत मराठी टाइप केले जाई, आणि त्यांत बहुधा इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत. अशी फाइल पाहणाऱ्याला सुबक मराठी दिसते, तर संगणकाला आत अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. तेथे युनिकोड मराठीत काहीही शोधले तरी उत्तर शून्य येते. कागद स्कॅन करून केलेल्या फाइलीत तर अक्षरेच नसतात, फक्त छायाचित्र असते. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या फाइलीतही पीडीएफ होताना अनेकदा वेलांटीची आणि जोडाक्षरांची मोडतोड होते. त्यामुळे मराठी पीडीएफमध्ये शोध घेण्यापूर्वी एक छोटी चाचणी करावी: डोळ्यांसमोर दिसणारा एखादा शब्द निवडून, कॉपी करून शोधचौकटीत चिकटवावा. तो जसाच्या तसा उमटला तर शोधावर विश्वास ठेवावा. कचरा उमटला किंवा शब्द निवडताच आला नाही, तर शोधचौकट विसरून अनुक्रमणिकेकडे वळावे. तेथेही एक छोटा खड्डा असतो: मुखपृष्ठ आणि सुरुवातीची पाने धरल्यामुळे पडद्यावरचा पृष्ठक्रमांक छापलेल्या क्रमांकाच्या काही पाने पुढे असतो.

विचारले की सांगणारी पुस्तिका

शब्दांची चुकामूक मोजणाऱ्या बेलकोरच्या मंडळींपैकी फर्नास, ड्युमे आणि लँडॉवर यांनीच इतर सहकाऱ्यांसह १९९० मध्ये तिच्यावर एक गणिती तोडगाही प्रसिद्ध केला. कोणते शब्द कोणत्या शब्दांच्या संगतीत येतात याचा हिशेब करून प्रत्येक शब्दाला आकड्यांच्या नकाशावर जागा द्यायची, म्हणजे अर्थाने जवळचे शब्द नकाशावरही जवळ येतात आणि अक्षरे जुळली नाहीत तरी शोध लागतो, असे त्याचे सार सांगता येईल. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील शोधाच्या मुळाशी हीच कल्पना फार मोठ्या प्रमाणावर वापरलेली दिसते. पुस्तिकेचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला नकाशावर जागा द्यायची, प्रश्न आला की त्याच्या जवळचे तुकडे उचलायचे आणि त्यांच्यावरून सलग वाक्यांत उत्तर लिहून द्यायचे, या रीतीला चालना देणारा शोधनिबंध २०२० मध्ये आला. अशा सहायकाला ‘पाणी जात नाही’ असे रोमन लिपीत मराठीतून विचारले, तरी तो इंग्रजी पुस्तिकेतल्या ड्रेन फिल्टरपर्यंत पोचू शकतो. मराठी वाचकासाठी ही सोय लहान नाही.

तिची जोखीमही त्याच पद्धतीतून येते. तुकडे करताना मथळा एकीकडे आणि सूचना दुसरीकडे जाऊ शकते. ‘ही कृती फक्त अमुक मॉडेलसाठी’ किंवा ‘आधी वीजजोडणी काढावी’ हे वाक्य मागच्या तुकड्यात राहून गेले, तर उत्तर सफाईदार आणि धोकादायक होते. शिवाय जुनी शोधचौकट हरली की ‘सापडले नाही’ असे सांगत असे. नवा सहायक पुस्तिकेत नसलेल्या मेनूचे नावही आत्मविश्वासाने सांगू शकतो. म्हणून जो सहायक उत्तराबरोबर पान दाखवतो त्यालाच मी कामाचा मानतो, आणि ते पान उघडून आजूबाजूचा परिच्छेद वाचल्याशिवाय मशीनच्या स्क्रूला हात लावत नाही.

पुस्तिका लिहिणाऱ्यांसाठी सर्वांत मोलाची सामग्री शोधचौकटीतच साठत असते. वाचकांनी लिहिलेले आणि काहीच हाती न लागलेले शब्द यंत्रणेत नोंदवता येतात. ती यादी म्हणजे वाचकांच्या तोंडचे शब्द, तेही आयते. त्यांतला एकेक शब्द योग्य पानाला जोडत गेले की फर्नास यांनी सुचवलेली अनेक दारे आपोआप पडतात. कंपनी ते करेपर्यंत वाचकालाही आपल्यापुरते दार पाडता येते, कारण काही पीडीएफ सॉफ्टवेअरमध्ये फाइलीला स्वतःचे बुकमार्क जोडण्याची सोय असते. आमच्या मशीनच्या फाइलीत आता ‘पाणी जात नाही’, ‘पाणी तुंबलं’, ‘स्पिन होत नाही’ आणि ‘स्टक’ असे चार बुकमार्क आहेत, आणि चारही त्याच ड्रेन फिल्टरच्या पानावर उघडतात. पाचवा, त्या लुकलुकणाऱ्या दोन अक्षरांचा, मुलीने नंतर जोडला.